चढावरचा आवाज

आवाज सगळ्यात आधी बाबांनी ऐकला, आणि चिमटीला वाटलं, बाबांनाच काहीतरी झालं.

उपचार केंद्राकडे जाणारा रस्ता आधी सपाट आहे. पेट्रोल पंपापाशी तो वळतो आणि तिथून जो चढ लागतो तो थेट केंद्राच्या फाटकापर्यंत. वळण संपलं तशी चिमटीने ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने उसळी घेतली, आणि शेजारी बसलेल्या बाबांचा डावा हात आडवा येऊन तिच्या मनगटावर आदळला.

“शनिवार!” ते ओरडले. “शनिवार! शनिवार!”

गाडी कशीबशी कडेला घेऊन तिने दिवे लुकलुकत ठेवले, बाबांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं आणि डॉक्टरांनी शिकवून ठेवल्याप्रमाणे म्हणाली, “बाबा, हसून दाखवा. हसा बघू.”

बाबा हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तपासायचं तर हिचंच डोकं तपासा. मग बॉनेटकडे बोट केलं आणि जिभेने टाळूवर आवाज काढला. टक टक टक टक.

चिमटीने गाडी पुन्हा हळूच चढाला लावली, या वेळी खिडकी उघडी ठेवून. आणि मग तिलाही ऐकू आलं. पत्र्याच्या डब्यात वाटाणे घालून कुणीतरी रागारागाने हलवावा, तसा आवाज. पाय काढला की बंद. पाय दिला की सुरू.

“अय्या, खरंच की,” ती म्हणाली. बाबांनी मान मागे टेकली. गेल्या कित्येक महिन्यांत प्रथमच त्यांचं म्हणणं कुणाला तरी झटक्यात कळलं होतं.

झटका हा शब्द खरं तर त्या घरात आता कुणी वापरत नसे. बाबांना तो आला तेव्हा ते दाढी करत होते. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा गेला, आणि बोलणं तर सगळंच गेलं. उरला एक शब्द, शनिवार. भूक लागली तरी शनिवार, पंखा लावायचा तरी शनिवार, राग आला तर दातओठ खाऊन शनिवार. हाच शब्द का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आई म्हणायची, “आजारी पडले मंगळवारी. निदान मंगळवार तरी म्हणायचं.” आणि स्वतःच्याच विनोदावर पदर डोळ्यांना लावायची.

बाबा छापखान्यात यंत्रांचे फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली, जुनी, लाल, टर्बोची. आणि पुढची सगळी वर्षं ते तिच्या खाली आडवे होते. तिच्या इंजिनात त्यांनी आपल्या मनासारखं काय काय बसवलं ते त्यांनाच ठाऊक. घरच्यांना एवढंच माहीत होतं, की इतर गाड्या चढावर धापा टाकतात आणि ही मांजरीसारखी उडी मारते. आई त्या गाडीला “माझी सवत” म्हणायची, पण त्या सवतीत बसून बाजारात जायला तिला आवडायचं.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा गाडी अंगणात उघड्यावर राहिली. काचेच्या रबरातून पाणी झिरपलं, पायाखालच्या गालिच्यात मुरलं, आणि गालिच्याखाली होता गाडीचा कॉम्प्युटर. बाबा घरी आले, केंद्रात न्यायची वेळ आली, तर गाडी सुरूच होईना. गॅरेजच्या मेस्त्रींनी कॉम्प्युटर उघडून दाखवला. आतून हिरवा पडला होता, जणू शेवाळ. मग त्यांनी भंगारवाल्याकडून तसल्याच गाडीतला दुसरा आणून बसवला. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. चिमटीने मेस्त्रींचे इतके आभार मानले, की ते बिचारे लाजले.

आणि आता हे वाटाणे.

“नॉकिंग आहे,” मेस्त्री म्हणाले. ते स्वतः तिच्याबरोबर चढावर जाऊन आले होते. थोराड अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ, प्रत्येक वाक्याआधी हात पुसायची त्यांना सवय. “ताई, कसं असतं, पेट्रोलने ठिणगीनंतर शिस्तीत जळत जायचं असतं. इथे ते मधेच एकदम भडकतंय. पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो म्हणा ना. टर्बो आत हवा कोंबतो तेव्हाच होतंय. सपाटीला काही नाही.”

“मग धोका नाही ना?”

“हातोडा कितीही लहान असला तरी रोज डोक्यात बसला तर?” मेस्त्री म्हणाले. “एखाद दिवशी पिस्टन फुटेल.”

चिमटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम चढवून विचारायची, “हे बरं दिसतं की हे? आता हे, की आधीचं?” माणूस सांगतो, आपण काच बदलतो, माणूस पुन्हा सांगतो, आणि शेवटी दिसू लागतं. तिला वाटलं, इंजिनाचंही असंच असणार.

मेस्त्रींनी आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून चांगल्यातलं भरलं. चिमटी चढावर गेली. वाटाणे. मग प्लग बदलले. वाटाणे. आत साठलेली काजळी औषध सोडून साफ केली. गाडीने धूर असा ओकला की शेजारच्या इमारतीतून दोन बायका भांडायला खाली आल्या. वाटाणे तसेच. मग नॉकिंग ऐकणारा एक सेन्सर असतो इंजिनाला चिकटलेला, म्हणजे इंजिनाचा कानच, तो बदलला. त्या दिवशी अर्ध्या चढापर्यंत काहीच ऐकू आलं नाही. बाबांनी तिच्याकडे पाहून भुवई उडवली. आणि पाण्याच्या टाकीपाशी, जिथे चढ सगळ्यात उभा आहे, वाटाणे पुन्हा सुरू झाले, पहिल्यापेक्षा जोरात.

ती गॅरेजमध्ये परत आली तेव्हा मेस्त्रींनी तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. त्यांनी हात पुसले. बराच वेळ पुसले.

“ताई, नवा कॉम्प्युटर समजतोय की ही गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे. तिला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं तो त्या हिशेबाने ठरवतोय. पण काकांनी आत फेरफार केलेत. टर्बोचा दाब वाढवलाय हे मला दिसतंय. आणखी काय काय आहे, देव जाणे. बाहेरून सगळं सारखंच दिसतं. जुन्या कॉम्प्युटरला काकांनी सगळं समजावून ठेवलं असणार. ह्याला कोण समजावणार? काय काय बदललंय हे नक्की कळलं तर एका माणसाकडून ह्याच्यात तसं भरून घेता येईल. नाहीतर इंजिन पूर्ण खोलून एकेक वस्तू मोजत बसायचं. आणि खोललं तर ते परत तसंच जमेल याची हमी मी देत नाही. खोटं कशाला बोलू?”

“बाबांना विचारते,” चिमटी म्हणाली. आणि म्हटल्यावर तिचं तिलाच हसू आलं. रडूही.

तरी तिने विचारलं. केंद्रातल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, की लांब प्रश्न विचारू नका, हो-नाही पुरतं विचारा. तिने बाबांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि मेस्त्रींनी सांगितलेली नावं एकेक करून घेतली.

“बाबा, तुम्ही पेट्रोलचा पंप बदलला होता?”

बाबांनी ठामपणे मान हलवली. हो.

“पेट्रोल फवारणारे इंजेक्टर?”

हो.

“हवेचा दाब मोजणारा सेन्सर?”

हो. हो. शनिवार.

चिमटीच्या अंगात उत्साह संचारला. मग तिच्या धंद्यातली सवय आड आली. दुकानात गिऱ्हाईक सगळ्यालाच बरं म्हणायला लागलं, की ती मुद्दाम चुकीची काच घालून बघायची.

“बाबा, पंप तुम्ही बदलला नव्हता ना? जुनाच होता?”

हो, बाबांनी मान हलवली. अगदी तितक्याच ठामपणे. आणि प्रेमाने तिच्या हातावर थोपटलं.

तिने उलटसुलट करून पाहिलं, चित्रं काढून पाहिलं, पेला म्हणजे पंप आणि चमचा म्हणजे इंजेक्टर असं मांडून पाहिलं. बाबांनी चमचा उचलून पेल्यात ढवळला.

दादाला तिने फोन लावला. दादा परदेशात, तिकडे दिवस उजाडतो तेव्हा इकडे सूर्य मावळायला आलेला. गाडीचं वेड त्यानेच बाबांकडून उचललं होतं, पण बाबांच्या हाताखाली काम करायला तो कधी टिकला नाही, दोघंही हट्टी. आता मात्र त्याच्या अंगात वारं शिरलं. तो कुठे कुठे वाचायचा आणि चिमटीला पाठवायचा. बॉनेट उघड. डावीकडे बघ. नाही, तुझ्या डावीकडे नाही, गाडीच्या डावीकडे. फोन जवळ ने. इतका जवळ नको.

“अगं, तो काळा डबा दिसतोय त्याच्यामागची नळी बघ.”

“सगळंच काळं आहे, दादा.”

“तू जरा नीट बघशील का?”

“मी नीटच बघतेय! तू ये इथे आणि बघ!”

मग दादा म्हणाला, “येता आलं असतं तर आलो नसतो का?” आणि चिमटीला त्याचीही दया आली. तो तिकडे बसून एका नळीच्या अंधुक चित्राकडे डोळे फाडून बघत होता. बाबांसाठी करण्यासारखं त्याच्या हातात तेवढंच होतं.

पुढची कल्पना त्याचीच. “बाबांना गॅरेजमध्ये घेऊन जा. घरात पेला-चमचे दाखवून काय होणार? त्यांना इंजिनासमोर उभं कर. बोलता येत नाही, पण बोट तर दाखवता येतं! पहिल्यांदा आवाज आला तेव्हा त्यांनीच दाखवलं ना?”

हे चिमटीला पटलं. मेस्त्रींनाही पटलं. एकट्या आईने तोंड वाकडं केलं. “कशाला उगीच त्यांना त्या तेलातुपात,” ती म्हणाली. पण इस्त्रीचा शर्ट तिनेच काढून दिला.

बाबा काठी टेकत गॅरेजमध्ये शिरले आणि थांबले. नाकाने वास घेतला. जळकं तेल, रबर, साबण. त्यांचा चेहरा असा फुलला, की चिमटीला वाटलं, उगाच इतके दिवस घालवले. पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं. मेस्त्रींनी खुर्ची पुढे केली ती त्यांनी काठीनेच बाजूला सारली. दोघं कारागीर गाडीच्या तोंडाशी शेजारी शेजारी उभे राहिले. मेस्त्रींनी बॉनेट उघडून टेकू लावला, हात पुसले आणि म्हणाले, “काका, टर्बोच्या दाबाला नॉक करतंय. कॉम्प्युटर बदललाय. काय काय बघू, सांगा.”

चिमटीने फोन वर धरला होता, दादाला दिसावं म्हणून.

बाबा वाकले. डावा हात इंजिनावरून हवेतच फिरवला, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. मग त्यांचं बोट खाली आलं, जराही न अडखळता, आणि बॅटरीवर टेकलं.

“शनिवार,” ते म्हणाले.

“बॅटरी?” मेस्त्री म्हणाले. “बघतो.” त्यांनी खरोखर मीटर लावून पाहिलं. बॅटरी ठणठणीत होती. “आणखी काही, काका?”

बोट पुन्हा फिरलं. काच धुवायच्या पाण्याच्या डब्यावर टेकलं. त्याचं निळं झाकण बाबांनी दोनदा वाजवलं, की हे बघा, मुख्य हे आहे. मग दिव्याच्या मागच्या बाजूला. मग बॉनेटच्या टेकूला. प्रत्येक वेळी ते मागे वळून मेस्त्रींकडे बघत, पूर्वी छापखान्यात हाताखालच्या माणसांकडे बघत असतील तसे, आलं का लक्षात? मेस्त्री प्रत्येक वेळी वाकून बघत आणि म्हणत, “हो, काका.” शेवटी बाबांचं बोट मेस्त्रींच्या स्वतःच्या मनगटावर, घड्याळावर टेकलं. बाबांना ते घड्याळ फार आवडलं.

“फोन जरा नीट धर,” दादा म्हणत होता. “काय दाखवतायत? मला दिसत नाहीये. चिमटे, काय दाखवतायत?”

चिमटीने फोन उलटा करून छातीशी धरला.

मेस्त्रींनी तिला बाजूला घेऊन काही सांगितलं नाही, हे त्यांचे उपकार. त्यांनी बाबांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “काका, तुम्ही सांगितलंत ते सगळं करून घेतो.” बाबांनी राजासारखी मान डोलावली. घरी जाताना ते वाटभर काहीतरी गुणगुणत होते. चिमटीला रस्ता नीट दिसत नव्हता. ती सावकाश चालवत राहिली.

घरी आल्यावर बाबा पडले आणि लगेच झोपले. आई मागच्या ओट्यावर कपडे वाळत घालत होती. चिमटी तिला चिमटे देत उभी राहिली.

“बोलले का काही?” आईने विचारलं.

“आई, त्यांना कळतच नाहीये गं.” चिमटी म्हणाली. “मला वाटत होतं, फक्त बोलणं गेलंय. आत सगळं आहे आणि बाहेर येत नाहीये, असं वाटत होतं. त्यांना आता काय कुठे असतं तेच माहीत नाही.”

आईने बाबांचा शर्ट झटकला, दोरीवर टाकला, बाह्या सरळ केल्या.

“मोरीतला नळ गळत होता ना, तेव्हा मी त्यांच्या हातात वॉशर दिला,” ती म्हणाली. “म्हटलं, डाव्या हाताने जमतंय का बघू. त्यांनी तो बोटात घातला. अंगठी घालतात तसा. आणि हात पुढे करून मला दाखवला.”

“कधी?”

“झाले बरेच दिवस.”

“मग मला सांगितलं का नाहीस? मी वेड्यासारखी त्यांना विचारत बसलेय, दादा तिकडे जागतोय…”

“म्हणूनच नाही सांगितलं,” आई म्हणाली. “तू समोर बसून त्यांना पंप की काय ते विचारायचीस, तो फोनवरून बाबा बाबा करायचा. घरात सगळे त्यांना विचारतायत. किती बरं वाटायचं त्यांना. मी कुठल्या तोंडाने सांगू, की नका विचारू?” मग ती म्हणाली, “आणि मलाही वाटायचं गं. एखाद वेळी सांगतीलही.”

चिमटीच्या हातातले चिमटे संपले होते. आईने तिच्या पाठीवर ओला हात ठेवला आणि काढून घेतला.

दादाला तिने सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मेस्त्रीला काही येत नाही म्हणाला, दुसऱ्या गॅरेजात ने म्हणाला. ती दुसऱ्या गॅरेजातही नेऊन आली. तिथल्या चकचकीत माणसाने लॅपटॉप लावला, आकडे बघितले, आणि मेस्त्री म्हणाले होते तेच म्हणाला, फक्त इंग्रजीत. दादाने पुन्हा काही दिवसांनी एक तर्क लढवला, की दाबाचा सेन्सरच बाबांनी मोठा घातला असेल, नवा कॉम्प्युटर त्याचं उत्तर चुकीचं वाचत असेल. मेस्त्रींनी कंपनीचा सेन्सर आणून लावला. आवाज कमी झाला. गेला नाही. म्हणजे तर्क बरोबर होता आणि पुरेसा नव्हता. आणखी काहीतरी आत होतं. दादाकडे पुढचा तर्क नव्हता.

“इंजिन खोलायचं?” मेस्त्रींनी विचारलं.

चिमटीने केंद्राचा विचार केला. तिथल्या बाई म्हणत होत्या की बाबांच्या पायात जोर येतोय, खाडा करू नका. भाड्याच्या गाडीत बाबा बसत नसत. एकदा बसवलं तर दाराला धरून असे ओरडले की ड्रायव्हरनेच उतरा म्हटलं. फक्त या लाल गाडीत ते आपणहून चढायचे, आपणहून पट्टा ओढायचे.

“दुसरं काहीच नाही?” तिने विचारलं.

“एक आहे. टर्बोचा दाबच सोडून देतो,” मेस्त्री म्हणाले. “हवा कोंबणारच नाही, तर नॉकिंगही नाही. गाडी चालेल. पण ताई, चाल बैलगाडीची होईल. काकांच्या गाडीचं मी असं करतोय, मला चांगलं नाही वाटत.”

“करा,” चिमटी म्हणाली.

काम कितीसं, मेस्त्रींनी एक नळी काढली, एक दांडी तारेने बांधली, बॉनेट लावलं. त्यांनी त्यावर हात पुसायचं फडकं ठेवलं आणि उचलून घेतलं.

पहिल्या फेरीला पेट्रोल पंपाचं वळण संपलं, चिमटीने पाय दिला, आणि काहीच झालं नाही. ना वाटाणे, ना उसळी. गाडी चढाला लागली आणि हळूहळू मंदावत गेली. बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

“मेस्त्रींनी टर्बो बंद केलाय, बाबा,” ती म्हणाली. “आम्हाला नाही जमलं. खूप बघितलं सगळ्यांनी.”

ते बघत राहिले. त्यांना काय कळलं, किती कळलं, ते तिला त्या दिवशी समजलं नाही आणि नंतरही कधी समजलं नाही. मग त्यांनी तोंड पुढे वळवलं आणि कंबरेतून वाकले, पट्टा ताणला जाईपर्यंत, सायकलवर चढ चढताना माणूस वाकतो तसे. चढ संपेपर्यंत ते तसेच वाकून राहिले.

आता प्रत्येक वेळी असंच होतं. पंपापाशी बाबा पुढे वाकतात, फाटकापाशी मागे टेकतात आणि घाम पुसतात. आवाज कसलाच येत नाही. मागून बस येते, ट्रक येतात, हॉर्न वाजवून वाजवून थकतात आणि बाजूने निघून जातात. चिमटी कडेने जाते. पाय तिने शेवटपर्यंत दाबलेला असतो, त्याच्यापुढे दाबायला जागा नसते. मागच्याची माफी मागायला ती खिडकीतून एक हात वर करते, आणि पाण्याची टाकी कधी मागे पडते त्याची वाट बघते.